कापसातलं रिसेप्टर कायनेज जनुककुळ अभ्यासायचंय? सुरुवात इथून करा

जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.ला प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली की 'जीन फॅमिली', म्हणजे जनुककुळ, हा पर्याय हमखास पुढे येतो. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होतं, रसायनांचा खर्च नाही, पावसाची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे असे शोधनिबंध भाराभर निघतात आणि त्यातले बरेचसे नुसत्या याद्या होऊन राहतात. इतकी जनुकं सापडली, इतक्या गुणसूत्रांवर पसरली, त्यांच्यात इतके मोटिफ (वारंवार येणारे छोटे क्रम) दिसले. वाचून झाल्यावर कापसाबद्दल मात्र हाती काहीच लागत नाही.

हे टाळता येतं. अमेरिकन कापूस हे दोन पूर्वजांच्या संकरातून तयार झालेलं पीक आहे, त्यामुळे त्याच्या बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत या दोन प्रतींचा हिशेब चोख ठेवला की याच साध्या विश्लेषणातून खरी उत्तरं निघतात. पुढचं सगळं त्या हिशेबाभोवती लिहिलं आहे.

आधी प्रश्न, मग जनुकं

बुरशी अंगावर आली, पेशीभित्तिका ताणली गेली, संप्रेरक येऊन पोचलं, हे वनस्पतीच्या पेशीला कळावं लागतं. त्यातलं मोठं काम रिसेप्टर कायनेज प्रथिनं करतात. पेशीबाहेरचा भाग संदेश पकडतो, मधला लहान तुकडा पेशीपटलातून आरपार जातो, आणि आतला कायनेज भाग इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून निरोप पुढे धाडतो. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत सर्रास अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपात या घराण्यात ६००हून जास्त जनुकं आहेत, भातात १,१००हून जास्त. एवढा पसारा एका प्रबंधात मावणार नाही, म्हणून एक पोटकुळ निवडा. पोटकुळं मुख्यतः बाहेरच्या भागावरून ओळखली जातात: ल्युसीनच्या आवर्तनांचं एलआरआर, कायटिन ओळखणाऱ्यांचा लायसएम गट, पेशीभित्तिकेला चिकटून असणारं वॅक, आणि मॅलेक्टिनसारखा भाग असलेलं सीआर-आरएलके-१-एल.

या लेखात उदाहरणाला शेवटचं घेतो. त्यातलं पहिलं जनुक १९९६ साली आपल्या अंगणातल्या सदाफुलीत सापडलं. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये या पोटकुळात १७ सदस्य आहेत. फेरोनिया, थेसियस-१, हर्क्युलिस-१, अँक्सर-१ आणि अँक्सर-२ ही त्यातली नावाजलेली. मूलरोम आणि परागनलिका या एकाच दिशेने लांबत जाणाऱ्या पेशी आहेत, आणि त्यांची वाढ सांभाळण्यात हे कुळ गुंतलेलं आहे. फेरोनियाला राल्फ नावाची छोटी पेप्टाइडं येऊन चिकटतात, हे २०१४ साली दाखवलं गेलं.

कापसाचा तंतूसुद्धा एकच पेशी असतो. सरकीच्या सालीच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी फुलोऱ्याच्या दिवशी वर येऊ लागतात आणि तीन आठवड्यांच्या आसपास लांबत राहतात, अगदी अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत. म्हणून प्रश्न असा मांडता येतो: तंतू लांबण्याच्या काळात या कुळातली कोणती जनुकं जागी असतात, आणि ती कोणत्या पूर्वजाकडून आलेली प्रत आहे? प्रश्न असा एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे एखादं विश्लेषण करावं की नाही असं वाटलं, तर ते या वाक्याला उत्तर देतं का एवढंच बघा.

कापसाची वंशावळ समजून घ्या

लागवडीच्या चार जाती आहेत. गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम या देशी, द्विगुणित, २६ गुणसूत्रांच्या. गॉसिपियम हिर्सुटम म्हणजे अमेरिकन कापूस आणि गॉसिपियम बार्बाडेन्स हा लांब धाग्याचा, या दोन्ही चतुर्गुणित, ५२ गुणसूत्रांच्या. विदर्भ-मराठवाड्यात आज दिसणारी बहुतेक पऱ्हाटी हिर्सुटमची.

चतुर्गुणित कापसाच्या दोन पूर्वजांपैकी ए गटाचा जुन्या जगातला आणि डी गटाचा अमेरिकेतला. या दोन शाखा ५० लाख ते एक कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी त्यांचा संकर होऊन चतुर्गुणित कापूस जन्माला आला. डी बाजूचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पेरूमधला गॉसिपियम रायमोंडी. ए बाजूला आर्बोरियम आणि हर्बेशियम हे दोघेही जवळचे आहेत, पण थेट पूर्वज नव्हेत. म्हणून 'आर्बोरियममधून आलेलं जनुक' असं लिहू नका, 'ए उपजीनोममधलं (म्हणजे ए पूर्वजाकडून आलेल्या गुणसूत्रांच्या संचातलं) जनुक' असं लिहा.

रायमोंडीचा जीनोम २०१२ साली वाचला गेला, आर्बोरियमचा २०१४ला, हिर्सुटमचा २०१५ला, आणि २०१९-२०मध्ये हिर्सुटमच्या बऱ्याच सुधारित आवृत्त्या आल्या. नवख्यांची पहिली गाडी इथेच अडते. टीएम-१ या एकाच वाणाच्या जीनोमच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीत जनुकांची नावं वेगळी. एकीत नाव 'घिर'ने सुरू होतं, दुसरीत 'गोहिर'ने. एका शोधनिबंधातलं नाव दुसऱ्या आवृत्तीत शोधलं तर काहीच मिळत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच जनुक मिळतं. कॉटनजेन या संकेतस्थळावर या आवृत्त्या एकत्र आहेत. एक निवडा, ती कोणत्या वर्षाची ते लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. हिर्सुटमसोबत रायमोंडी आणि आर्बोरियमचीही प्रथिनं, सीडीएस (जनुकांच्या सांकेतिक भागाचे क्रम) आणि जीएफएफ (जनुकांच्या जागांची नोंद) फाइल उतरवून घ्या. पूर्वजांकडच्या दोन्ही शाखा शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

कुळातली माणसं ओळखणं

दोन वाटांनी शोधा. पहिली वाट हमर या प्रोग्रॅमची: पीफॅम या प्रथिन-भागांच्या संग्रहातलं पीएफ१२८१९ हे मॅलेक्टिन-लाइक भागाचं प्रोफाइल घ्या आणि तिन्ही जातींच्या प्रथिनांवर चालवा. दुसरी वाट ब्लास्ट-पी या सारखी प्रथिनं शोधणाऱ्या प्रोग्रॅमची: अ‍ॅराबिडॉप्सिसची १७ प्रथिनं घेऊन शोधा. दोन्ही याद्या एकत्र करा, आणि एका जनुकाची अनेक प्रथिनं असतील तर सर्वांत लांब ते ठेवा. हे शेवटचं काम विसरलं की जनुकांचा आकडा फुगतो.

आता सर्वांत महत्त्वाची चाळणी. मॅलेक्टिन-लाइक भाग सापडला म्हणजे जनुक आपल्या कुळातलं, असं मुळीच नाही. एलआरआर घराण्याच्या पहिल्या पोटगटातही हाच भाग असतो, शिवाय त्यापुढे ल्युसीनची आवर्तनं असतात. पीएफ११७२१ हे मॅलेक्टिनचं प्रोफाइल तर आणखी वेगळं आणि ते एलआरआरच्याच दुसऱ्या गटात आढळतं. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झालं तर यादीत परकी जनुकं घुसतात आणि पुढचा सगळा वंशवृक्ष बिघडतो.

म्हणून प्रत्येक प्रथिन उघडून बघा. अक्षरशः प्रत्येक. एका दिवसात होणारं काम आहे. इंटरप्रोमध्ये क्रम टाकला की चित्र येतं. आपल्या कुळातलं प्रथिन साधारण ८०० ते ९०० अमिनो आम्लांचं असतं, फेरोनिया ८९५चं आहे. सुरुवातीला छोटा सिग्नल पेप्टाइड, मग मॅलेक्टिन-लाइक भाग, साधारण मध्यावर एकच पटल-आरपार तुकडा, आणि त्यानंतर कायनेज. कायनेजमध्ये एटीपी धरणारं लायसिन आहे का, पुढे एचआरडी आणि डीएफजी हे क्रम शाबूत आहेत का, तेही तपासा. नसतील तर जनुक लगेच फेकू नका, त्यापुढे खूण करा. फेरोनियामधलं हे लायसिन बदलून कायनेज निकामी केलं, तरी त्याची काही कामं चालूच राहतात असं दिसून आलं आहे. निकामी वाटणारा कायनेज निरुपयोगी असतोच असं नाही.

प्रथिन ४०० अमिनो आम्लांतच संपत असेल तर दोन शक्यता. जनुक खरंच तुटलं असेल, किंवा संगणकाने जनुकाची हद्द चुकीची आखली असेल. या कुळातल्या बहुतेक जनुकांच्या सांकेतिक भागात इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनताना कापून टाकला जाणारा तुकडा, नसतो. तेव्हा एखाद्या जनुकात अचानक तीन-चार इंट्रॉन दिसले तर आधी हद्दीवर संशय घ्या.

शेवटी मोजणी. हिर्सुटममधली जनुकं ही ढोबळमानाने रायमोंडी आणि आर्बोरियमच्या बेरजेच्या आसपास यायला हवीत. एखादी प्रत गायब दिसली तर टीब्लास्ट-एनने थेट जीनोमच्या क्रमात शोधा. कित्येकदा जनुक जागेवरच असतं, फक्त यादीत नोंदलेलं नसतं.

जोड्या लावा

हे काम मी वंशवृक्षाच्या आधी करायला सांगतो. ए उपजीनोममधल्या प्रत्येक जनुकाची डी उपजीनोममधली जोडी, म्हणजे होमिओलॉग, शोधून तक्ता करा: ए प्रत, डी प्रत, आर्बोरियममधलं समकक्ष, रायमोंडीमधलं समकक्ष. चार रकाने. जिथे रकाना रिकामा राहतो तिथेच गोष्ट असते.

ए०१ची जोडी डी०१वर, ए०७ची डी०७वर, असं सरळ चालतं. पण चतुर्गुणित कापसाच्या ए बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे ए०२वरच्या काही जनुकांची जोडी डी०३वर सापडते आणि ए०४वरच्या काहींची डी०५वर. क्रमांक जुळत नाही म्हणून जोडी तोडू नका, शेजारची जनुकं जुळतात का ते बघा. एमसीस्कॅन-एक्स हा प्रोग्रॅम शेजाऱ्यांवरूनच जोड्या लावतो.

वंशवृक्ष

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. मॅफ्टने क्रम जुळवा, ट्रिमएएलने ओबडधोबड भाग छाटा, आयक्यू-ट्रीला मॉडेल स्वतः निवडू द्या आणि १,००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदीवर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारी चाचणी) घ्या. अ‍ॅराबिडॉप्सिसची १७ प्रथिनं वृक्षात हवीतच, नाहीतर कोणती फांदी फेरोनियाची आणि कोणती थेसियसची ते कळणार नाही. बाहेरचा गट म्हणून दुसऱ्या पोटकुळातले एक-दोन रिसेप्टर कायनेज घाला. कोकोची प्रथिनं घेतली तर फार उत्तम. कोको कापसाच्याच कुलातला, पण कापसाच्या पूर्वजात त्यानंतर जीनोम अनेक पटींनी वाढला. कोकोत एक आणि रायमोंडीत तीन असं दिसलं, तर ती वाढ कापसाच्या वाटेवर झाली असं ठामपणे म्हणता येतं.

दुपटी आणि काळ: इथे सावकाश चला

जनुकं वाढण्याचे मुख्य मार्ग दोन. अख्खा जीनोम दुप्पट होणं, किंवा एकाच ठिकाणी एकामागे एक प्रती तयार होणं. रोगप्रतिकाराशी निगडित कुळांत दुसरा मार्ग वारंवार दिसतो. अ‍ॅराबिडॉप्सिसमधली वॅक-१ ते वॅक-५ ही पाचही जनुकं पहिल्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून आहेत. तुमच्या यादीत असा पुंजका दिसला तर तो वेगळा काढा.

मात्र ए-डी जोड्यांना 'सेगमेंटल डुप्लिकेशन', म्हणजे गुणसूत्राच्या मोठ्या तुकड्याची दुपटी, म्हणून मोजू नका. त्या दोन जातींच्या संकरामुळे एकत्र आल्या आहेत, हिर्सुटममध्ये दुपटीने तयार झालेल्या नाहीत. असे आकडे छापलेले दिसतात आणि त्यामुळे 'हे कुळ हिर्सुटममध्ये झपाट्याने वाढलं' असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे.

मग येतं केए आणि केएसचं प्रमाण. केए म्हणजे अमिनो आम्ल बदलणारे फरक, केएस म्हणजे न बदलणारे. प्रमाण एकाहून कमी असलं तर निवडीने जनुक जपलं गेलंय, एकाहून जास्त असलं तर बदलाला उत्तेजन मिळालंय. बहुतेक जोड्या एकाच्या खाली येतात, त्यात नवल नाही. ए-डी जोड्यांत केएस इतका लहान असतो की एक-दोन फरकांनी प्रमाण एकदम वर-खाली होतं. अशा एखाद्या जोडीत प्रमाण १.३ आलं म्हणून 'सकारात्मक निवड' जाहीर करू नका. आधी प्रत्यक्ष किती अक्षरं बदलली ते मोजा.

केएसवरून काळ काढताना सूत्र असं: केएस भागिले (दोन गुणिले दर). समजा एका जोडीचा केएस ०.०३ आला. अ‍ॅराबिडॉप्सिससाठी वापरला जाणारा दर, दर वर्षाला १.५ × १०⁻⁸, घेतला तर उत्तर १० लाख वर्षं. कापसासाठी वापरला जाणारा २.६ × १०⁻⁹ घेतला तर जवळपास ५८ लाख वर्षं. जोडी तीच, उत्तरात सहापट फरक. पहिलं उत्तर संकराच्या काळाशी जुळल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच ते फसवं आहे. ए आणि डी प्रतींमधलं अंतर सुरू झालं ते दोन शाखा फुटल्या तेव्हापासून, संकर झाला तेव्हापासून नव्हे. केएस मोजतो तो आधीचा काळ. म्हणून ५८ लाख हे उत्तर कापसाच्या इतिहासात बसतं. दर कोणता घेतला आणि का, हे एका वाक्यात लिहिलंच पाहिजे.

जनुक कुठे आणि कधी जागं होतं

टीएम-१च्या वेगवेगळ्या अवयवांचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कोणतं जनुक किती जागं आहे ते मोजणारा) डेटा एनसीबीआय या संकेतस्थळावर खुला आहे, उदाहरणार्थ पीआरजेएनए४९०६२६ हा प्रकल्प. बीजांड आणि तंतूचे नमुने फुलोऱ्यानंतरच्या दिवसांनुसार बघा. तंतू उगवण्याचा काळ फुलोऱ्याच्या आगेमागे, लांबण्याचा साधारण २० दिवसांपर्यंत, त्यानंतर सेल्युलोजचे जाड थर बसतात.

पुन्हा हिशेब दोन प्रतींचा. ए आणि डी प्रत इतक्या सारख्या असतात की आरएनएचा छोटा तुकडा नेमका कोणाचा हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. दोन्हीकडे जुळणारे तुकडे कसे वाटले गेले, ते समजल्याशिवाय 'डी प्रत जास्त सक्रिय' असं म्हणू नका. सॅमनसारखे प्रोग्रॅम हे वाटप संभाव्यतेने करतात, निव्वळ फेकून देण्यापेक्षा ते बरं. नंतर क्यूपीसीआरने (एकेका जनुकाची सक्रियता मोजण्याची चाचणी) खात्री करताना प्रायमरचं, म्हणजे त्या चाचणीत लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याचं, शेवटचं अक्षर ए-डी फरकावर येईल असं आखा. यूबीक्यू-७ हे संदर्भ जनुक कापसात सर्रास वापरतात.

प्लँटकेअर या संकेतस्थळावरून प्रवर्तकातले (जनुकाच्या आधीच्या, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागातले) घटक काढून रंगीत चौकटींचं चित्र देण्याची पद्धत पडली आहे. पाच-सहा अक्षरांचे हे क्रम योगायोगानेही सगळीकडे सापडतात. तेवढ्यावरून जनुक दुष्काळाला किंवा संप्रेरकाला प्रतिसाद देतं असं सिद्ध होत नाही. माझ्या मते हे चित्र वगळलं तरी काहीही बिघडत नाही.

झाडावर तपासणी

इतकं झाल्यावर यादीतून दोन-तीन जनुकं उरली पाहिजेत. त्यांचं काम तपासायचा आवाक्यातला मार्ग म्हणजे व्हिग्स, म्हणजे विषाणूच्या मदतीने जनुक दाबणं. तंबाखूच्या रॅटल विषाणूचे दोन वाहक अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये घालतात आणि एकात आपल्या जनुकाचा ३०० ते ५०० अक्षरांचा तुकडा असतो. हा तुकडा कायनेज भागातून घेऊ नका. तो भाग कुळातल्या सगळ्यांचा सारखा असल्यामुळे एकाऐवजी पाच जनुकं दबतील. बाहेरच्या मॅलेक्टिन-लाइक भागातून किंवा जनुकाच्या शेपटाकडून घ्या. ए आणि डी दोन्ही प्रती मात्र एकाच तुकड्याने दबतात, आणि इथे ते फायद्याचं आहे.

रोप सात ते दहा दिवसांचं हवं, दोन्ही बीजपत्रं पूर्ण उघडलेली, खरं पान अजून न फुटलेलं. बीजपत्र उलटं धरून खालच्या बाजूला सुईने अलगद टोचा, आरपार जाऊ देऊ नका. मग सुई काढलेली एक मिलीची सिरिंज त्या टोचणीवर टेकवा, वरून बोटाचा आधार द्या आणि हळू दाबा. द्रव आत शिरला की हिरव्या पानावर ओलसर गडद डाग पसरताना दिसतो. शिरांमुळे तो अडला तर दुसऱ्या जागी टोचा. पूर्ण बीजपत्र गडद झालं पाहिजे. रोपं रात्रभर अंधारात झाकून ठेवा आणि नंतर २३ अंशांच्या आसपास वाढवा. उन्हाळ्यात नागपुरात ४५ अंश असताना हे उघड्या शेडनेटमध्ये जमणार नाही. ग्रोथ चेंबर मिळवा किंवा प्रयोग हिवाळ्यात ठेवा. सीएलए-१ जनुक दाबलेली रोपं सोबत हवीतच. त्यांची नवी पानं दोनेक आठवड्यांत पांढरी पडली की तंत्र लागू पडल्याचं डोळ्यांनी दिसतं. त्यानंतरच आपल्या रोपांचा क्यूपीसीआर करा.

तंतूच्या प्रश्नासाठी बीजांडांचं संवर्धन उपयोगी. फुलोऱ्याच्या दिवशीची किंवा पुढच्या एक-दोन दिवसांतली कोवळी बोंडं निर्जंतुक करून बीजांडं बीसली-टिंग माध्यमावर तरंगत ठेवतात, ऑक्सिन आणि जिबरेलिन घालून, ३० ते ३२ अंशांना, अंधारात. तंतू काचेच्या भांड्यात वाढतात आणि मोजता येतात. राल्फ पेप्टाइड घालून लांबी कमी होते का, हा प्रयोग एका फुलोऱ्याच्या हंगामात होण्याजोगा आहे.

प्रश्न रोगाचा असेल तर वॅक कुळ घ्या. हिर्सुटममधलं वॅक-७-ए हे प्रथिन कायटिन ओळखणाऱ्या ग्राहींशी जोडी करून व्हर्टिसिलियम आणि फ्युझेरियम या दोन्ही बुरशींविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतं, हे २०२० साली दाखवलं गेलं. इथे एक खबरदारी. आपल्याकडे शेतकरी 'मर' म्हणतो तेव्हा त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात. देशी कापसातली मर फ्युझेरियममुळे येते. कोरड्या खंडानंतर मोठा पाऊस पडला की संकरित पऱ्हाटी एकाएकी माना टाकते, ती 'आकस्मिक मर', आणि तिच्यात बुरशीचा हात नसतो. प्रतिकाराच्या प्रयोगासाठी नमुने शेतातून आणत असाल तर आधी बुरशी वेगळी करून ओळख पटवा.

क्रिस्पर, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचं तंत्र, हा पुढचा टप्पा. कापसात रूपांतरणासाठी कोकर-३१२सारखे ठरावीक वाण लागतात आणि ऊतीपासून रोपापर्यंत बरेच महिने जातात, म्हणून ते पीएच.डी.साठी राखून ठेवा. आखणी करताना मार्गदर्शक आरएनए दोन्ही प्रतींना जुळणारा निवडा, कारण एक प्रत शाबूत राहिली तर ती दुसरीची उणीव भरून काढू शकते. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी व्हिग्सच्या आधीच घेऊन ठेवा.

लिहायला बसाल तेव्हा चार रकान्यांचा तक्ता पहिल्या जोडपत्रात द्या, आणि त्याला जोडून जीनोमची आवृत्ती, दोन्ही प्रतींची दुसऱ्या एका आवृत्तीतली समकक्ष नावं, आणि वगळलेल्या प्रत्येक जनुकापुढे वगळण्याचं कारण लिहा. प्रथिनांचे क्रमही साध्या मजकूर फाइलमध्ये जोडा, म्हणजे आवृत्ती बदलली तरी पुढच्या विद्यार्थ्याला तेच जनुक सापडेल.